चोवीस चकत्यांचं बी

आकारामला आयुष्यात दोनच गोष्टी नीट जमल्या, असं त्याची बायको राहीबाई म्हणायची. एक साखरेचा दाणा आणि दुसरी क्रांती. तिसऱ्या कशात हात घातला की माणूस घोळ घालतो, हेही ती जोडायची, आणि जोडताना आवाज बरोबर त्याच्या कानापर्यंत पोचेल एवढा ठेवायची.

इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात आकारामने चौतीस वर्षं पॅनवर काढली. हे पॅन म्हणजे ऑम्लेटचं नव्हे. दोन मजली उंचीचं लोखंडी पातेलं असतं ते. त्यात उसाचा आटवलेला रस वाफेवर शिजतो आणि एका नेमक्या घटकेला त्यात साखरेचा दाणा धरतो. ती घटका ओळखणारा तो पॅनमन. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि म्हणायचं, ‘आता.’ दाणा आपल्या मर्जीने धरू दिला तर तो वाटेल तसा धरतो, लहानमोठा, वेडावाकडा. म्हणून त्या घटकेला रसात साखरेची अगदी बारीक पूड सोडतात. तिला बी म्हणतात. बियांच्या अंगावर साखर चढत जाते आणि सगळे दाणे एका मापाचे होतात. शेवटची बारा वर्षं बी सोडायचा मान आकारामचा होता. मोठमोठे इंजिनिअर हात बांधून त्याच्या मागे उभे राहायचे, आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

क्रांती त्याची एकुलती एक. साताऱ्याच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. ती नेमकं काय करते हे गल्लीत सांगायची पाळी आली की राहीबाईची पंचाईत व्हायची, म्हणून एकदा क्रांतीने तिला बसवून समजावलं होतं.

“आई, तू रांगोळी काढतीस ती बोटानं. ठिपक्याला ठिपका तू जोडतीस. मला अशी रांगोळी पायजे, की ठिपके नुसते फेकायचे आन् नक्षी आपली आपण उठली पायजे.”

“आन् मग मी काय करू?”

“तू बघत बसायचं.”

“हे बरं हाय,” राहीबाई म्हणाली. “नुसतं बघत बसायला पीएच.डी.”

पण तेवढ्यात सगळं आलं होतं. डोळ्यांनी दिसत नाहीत एवढे बारीक कण घ्यायचे. कुणी कुणाला ओढायचं, कुणी कुणाला ढकलायचं, कुठल्या अंगाने धरायचं, एवढंच आधी ठरवून द्यायचं. मग कण पाण्यात सोडले की त्यांनी आपण होऊन रांगा लावायच्या आणि आपल्याला हवा तसाच स्फटिक बांधायचा. ना गवंडी, ना साचा. हे नियम तपासायला क्रांतीने कणांच्या जागी शर्टाच्या बटणाएवढ्या प्लॅस्टिकच्या चकत्या केल्या होत्या. दोनशे लाल, दोनशे पांढऱ्या. प्रत्येकीच्या कडेला तीन ठिकाणी मुगाच्या डाळीएवढं चुंबक. लाल पांढरीला ओढते, लाल लालला ढकलते. चारशे चकत्या उथळ टाकीतल्या पाण्यावर तरंगायच्या, टाकीखालची मोटर पाणी सारखं हलवत ठेवायची. चकत्यांनी एकमेकींना धरत मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी जाळी बांधावी, एवढीच क्रांतीची मागणी होती.

कॉलेजच्या इमारतीची दुरुस्ती निघाली आणि वरच्या मजल्यावर घण पडायला लागले. टाकीतलं पाणी भलत्याच तालावर नाचायला लागलं. तेव्हा क्रांतीने ती टाकी टेम्पोत घातली आणि इस्लामपूरला घरी आणली. पुढच्या खोलीतला दिवाण बाहेर गेला, टाकी आत आली. वर एक मोबाइल टांगला होता, तो दर दहा मिनिटांनी फोटो काढून तिच्याकडे पाठवायचा. सोमवार ते गुरुवार ती साताऱ्यात असायची आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी तिथून टाकी हाकायची. आकारामला तिने एकच काम दिलं होतं, पाणी कमी झालं तर कडेने तांब्याभर घालायचं.

“आन् आबा, हात लावायचा न्हाई. चकत्यांनी आपलं आपण केलं तरच ते खरं.”

“मला काय कळत न्हाई व्हय,” आकाराम म्हणाला होता.

तीन आठवडे चकत्यांनी काहीही केलं नाही. म्हणजे केलं, पण ते बघवत नव्हतं. कुठे चौघींचंच कडं, कुठे आठजणींचं, कुठे नुसती शेपटी. सहाचं कडं चुकून झालंच तर त्याला भलतीकडून चार चकत्या चिकटायच्या आणि सगळा गुंता व्हायचा. आकाराम खुर्ची टाकून दिवसभर बघायचा. असला दाणा पॅनमध्ये दिसला असता तर त्याने वाफ बंद करून पाण्याचा कॉक उघडला असता, सगळं विरघळवलं असतं आणि पहिल्यापासून सुरुवात केली असती. चौतीस वर्षं त्याच्या हातांनी हेच केलं होतं. आता ते मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे त्याला आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

मार्च संपला की क्रांतीची फेलोशिप संपत होती. त्याआधीच्या एका सोमवारी साताऱ्यात समिती बसणार होती. जाळी आपोआप झालेली दाखवली तर आणखी एक वर्ष, नाहीतर गाशा गुंडाळा. समितीला दहा दिवस राहिले असताना क्रांती शुक्रवारी घरी आली, टाकीत डोकावली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईपाशी रडली.

“माझ्या डोक्यातच काय न्हाई गं आई. सगळे नियम चुकलेत.”

आकाराम पलीकडच्या खोलीत होता. त्याला ते ऐकू आलं. लहानपणी गुडघा फुटला तरी न रडणारी पोर. त्याच्या काळजाचं पाणी झालं.

पुढच्या सोमवारपासून गल्लीत विजेच्या तारा बदलायचं काम निघालं. रोज दुपारी दोन तास लाईट नाही, असं वायरमन सांगून गेला. लाईट गेली, मोटर थांबली, वायफाय गेलं, फोटो थांबले. चारशे चकत्या जागच्या जागी निमूट तरंगत राहिल्या. राहीबाई शेजारी गेली होती. आकाराम टाकीपाशी आला. इतकं शांत पाणी त्याने तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्याच्या हातांनी आधी ठरवलं आणि डोक्याला मागाहून कळवलं. त्याने सहा चकत्या उचलल्या, लाल-पांढरी-लाल-पांढरी अशा गोल जोडल्या आणि पाण्याच्या मधोमध सोडल्या. बी. दुसरं काय. बी सोडल्याशिवाय दाणा धरतो का कुठे? एवढ्या शिकलेल्या पोरीला एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली नव्हती, म्हणून त्याला तिच्या मास्तरांचा रागही आला.

लाईट आली, मोटर फिरली आणि दहा-पंधरा मिनिटांत ते कडं मोडलं. पण मोडायच्या आधी वरच्या मोबाइलने एक फोटो काढला होता. संध्याकाळी क्रांतीचा फोन आला. तिच्या आवाजात खूप दिवसांनी धग होती.

“आबा! लाईट आल्यावर एक सुट्टं, सुबक कडं दिसलं. सहाचं! तुमी बघितलं का?”

“बघितलं की,” आकाराम म्हणाला. यात खोटं काही नव्हतं, असं त्याने स्वतःला बजावलं.

मंगळवारी त्याने तेरा चकत्या लावल्या, तीन कडी एकमेकांना चिकटून. ती पाऊण तास टिकली. बी बारीक पडतंय, एवढं त्याच्या लक्षात आलं. बुधवारी त्याने चोवीस लावल्या, मधे एक कडं आणि भोवती सहा कडी. लाईट आली, पाणी हललं, चोवीस चकत्या थरथरल्या आणि टिकल्या. तासाभरात एक लाल चकती येऊन कडेला बसली. मग एक पांढरी. वाकडी बसणारी चकती एकाच चुंबकाने धरलेली असायची, ती पाण्याच्या हिसक्याने सुटून जायची. नीट बसलेलीला दोन-तीन बाजूंनी आधार मिळायचा, ती राहायची. आकाराम आ वासून बघत होता. रात्रीच्या जेवणापर्यंत साठ झाल्या, गुरुवारी दोनशेच्या वर. क्रांती गुरुवारी रात्रीच्या शेवटच्या एसटीने धावत घरी आली तेव्हा टाकीत अर्ध्या वर्तमानपत्राएवढी जाळी तरंगत होती. एकही चूक नाही. ती टाकीपाशी गुडघ्यावर बसली आणि लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली.

“थांबल्यामुळं झालं, आबा!” ती म्हणाली. “आमी आपलं पाणी सारखं हलवत बसलो. दुपारी दोन तास थांबलं, तवा चकत्यांना सवड मिळाली. सोमवारी थांबलं तर सहा, मंगळवारी तेरा, बुधवारी चोवीस. दर वेळी जास्त! लाईट गेली म्हणून शोध लागला, सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई.”

आकारामने नजर टाकीकडे वळवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्याला वाटलं राहीबाई आपल्याकडेच बघते आहे. आणि ती खरंच बघत होती.

शुक्रवारी राहीबाईने खीर केली. शनिवारी क्रांतीने भाषण लिहिलं, विश्रांतीने जाळी कशी बांधली जाते याची चार पानं झाली. मधेच तिने साताऱ्याला आपल्या गाईड उत्कर्षा मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं, आणि मॅडम इतक्या खूश झाल्या की फोनबाहेर ऐकू आलं. आकाराम ओसरीवर बसून ऐकत होता. आधी त्याला वाटलं होतं, पोरीचं काम झालं, आपण गप्प बसावं, कुणाचं काय बिघडलं? पण आता ती त्याच्या हातावर इमला चढवत होती. पाया कुणाचा आहे हे तिला माहीतच नव्हतं. उद्या दुसरं कुणी पाणी थांबवून बघेल, काही होणार नाही, आणि चारचौघांत खोटी ठरेल ती क्रांती.

तेही जाऊ दे. त्याला भाऊसो आठवत होते. भाऊसो म्हणजे त्याचे गुरू, जुने हेड पॅनमन. आकारामने वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिला पॅन एकट्याने शिजवून उतरवला होता. दाणा असा आला होता, की चीफ केमिस्टने पाठ थोपटली. ती गोष्ट त्याने वीस वर्षं सांगितली, लग्नात सांगितली, बारशात सांगितली. मग भाऊसो निवृत्त झाले, आणि निरोपाच्या भाषणात हसत हसत म्हणाले, “आमचा आकाराम त्या दिशी चहाला गेला हुता, तवा पॅन बिघडाय लागला हुता. मीच गुपचूप सावरला. म्हनलं, पोराचा हुरूप मोडाय नको.” सगळे हसले. आकारामही हसला. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. भाऊसोंनी त्याचं वाईट केलं नव्हतं, उलट मायाच केली होती. पण त्या मायेने त्याची वीस वर्षं खोटी करून टाकली होती, आणि त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. रविवारी ऊन उतरल्यावर आकाराम पुढच्या खोलीत आला. क्रांती टाकीशेजारी जमिनीवर बसून लॅपटॉपवर काम करत होती.

“क्रांते, जरा ऐक.”

“बोला की. ऐकतीया.”

“हे जाळं आपणहून न्हाई झालं.”

ती हसली. “मग काय भुतानं केलं?”

“मी केलं.”

तिने मान वर केली. आकाराम उभाच होता. बसावं की नाही हे त्याला कळेना.

“लाईट गेल्यावर मी बी लावलं. हातानं. चोवीस चकत्या. सोमवारचं ते कडंबी माझंच, आन् मंगळवारच्या तेराबी. थांबल्यानं काय झालं न्हाई, पोरी. थांबलं तवा मी हात घातला.”

राहीबाई आतल्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि राहीबाई उभी असून काही बोलत नाही असं त्या घरात प्रथमच घडत होतं. क्रांतीने लॅपटॉप मिटला. आपला मोबाइल घेतला, सोमवारचे फोटो उघडले, मंगळवारचे उघडले, एकेक मागे-पुढे करून बघितला. एका कागदाच्या पाठीवर तिने लिहिलं, सहा, तेरा, चोवीस. प्रत्येकापुढे वेळ लिहिली. हे सगळं ती इतक्या शांतपणे करत होती की आकारामला वाटलं, सुटलो.

मग तिने पेन खाली ठेवलं.

“म्हंजे तुमाला वाटलं, की माझ्याच्यानं हुणार न्हाई.”

आकारामला खोटं बोलता आलं असतं. तसं न्हाई गं, म्हणता आलं असतं. बाप तसंच म्हणतात.

“व्हय,” तो म्हणाला. “वाटलं. तू रडलीस ते मी ऐकलं. मला भ्या वाटलं.”

“रडणं येगळं आन् हरणं येगळं, आबा.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “मी रडले, पर हरले नव्हते. तुमी मला आधी मनात हरवलंसा आन् मग जिंकवलंसा.”

ती उठून आत गेली. आकाराम टाकीपाशी उभा राहिला. जाळी सुरेख तरंगत होती, आणि तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

सोमवारी पहाटे ती साताऱ्याला गेली. जाताना आईला येते म्हणाली, बापाला नाही. आकाराम दिवसभर देव पाण्यात घालून बसला. दुपारी राहीबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि प्रथमच बोलली.

“सांगितलंसा ते बरं केलंसा.”

“तिचं वरीस गेलं की.”

“वरीस गेलं तर दुसरं यील,” राहीबाई म्हणाली आणि भाजी वाढली. “जेवा.”

संध्याकाळच्या एसटीने क्रांती आली. पाय धुऊन, चहा घेऊन मग तिने सांगितलं, आईकडे बघूनच. समितीपुढे तिने सगळं खरं सांगितलं. आपोआप हा शब्द सगळीकडून खोडला. वर्ष मिळालं नाही, सहा महिने मिळाले, तेही एका गोष्टीवर. सहा चकत्यांचं बी का मोडतं, चोवीसचं का टिकतं आणि मधे नेमक्या कुठल्या आकड्याला ते तगायला लागतं, हे मोजून द्यायचं. हा आकडा कळला की आपोआप जाळी का होत नाही हेही कळेल, असं उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. समितीतल्या एका सरांनी विचारलं, हे बी लावणारे कोण?

“मग?” राहीबाईने विचारलं.

“सांगितलं, माझे वडील. त्यांना धीर धरवत न्हाई.”

एप्रिलभर बाप-लेक टाकीशी बसून मोजत होते. बी आकाराम लावायचा, कारण क्रांतीपेक्षा त्याचा हात हलका होता. घड्याळ आणि वही तिच्याकडे. चौदा चकत्या, दहा वेळा. सोळा, दहा वेळा. अठरा, दहा वेळा. महिन्याच्या शेवटी आकडा हाती आला. एकोणीसपासून पुढचं बी तगून वाढतं, अठरा आणि त्याखालचं बहुतेक मोडतं. म्हणजे चकत्यांना आपलं आपण जाळं बांधायचं तर गुंता व्हायच्या आत कधीतरी एकोणीसजणी नीट जुळायला हव्या होत्या. क्रांतीच्या मते चुंबकं फार जोरकस होती. वाकडी जुळणीही इतकी घट्ट धरायची, की चूक सुधारायला सवडच नसायची. मग तिघांनी मिळून चारशे चकत्यांच्या कडांना नेलपॉलिशचे दोन-दोन हात दिले, चुंबकं एकमेकांपासून केसभर लांब राहावीत म्हणून. गल्लीतल्या बायकांनी राहीबाईला विचारलं की एवढ्या बाटल्या कशाला, तेव्हा ती म्हणाली, पीएच.डी.ला लागतात.

काम झकास चाललं होतं. बोलणंही चाललं होतं, पाणी घाला, घड्याळ बघा, चहा झाला का. पण साताऱ्याला निघाली की क्रांती टाकी रिकामी करायची. मोटर बंद, चकत्या डब्यात, डबा कपाटात. ती गेल्यावर कोरड्या टाकीपुढची आपली खुर्ची उचलून आकाराम ओसरीवर नेऊन ठेवायचा.

मे महिन्याच्या मध्यावर एका सोमवारी ती सकाळी निघाली. आकाराम सवयीने बादली घेऊन उभा राहिला, टाकी उपसायला.

“राहू द्या, आबा,” चप्पल घालता घालता ती म्हणाली. “चालूच ठेवलीया. बिन बियाची.”

हात लावू नका, असं ती म्हणाली नाही.

आकाराम दिवसभर खुर्चीत बसला. चकत्या आता पहिल्यासारख्या एकमेकींवर तुटून पडत नव्हत्या. धरायच्या, सोडायच्या, पुन्हा दुसरीला धरायच्या. कडी व्हायची आणि मोडायची. मंगळवार तसाच गेला. बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला डाव्या कोपऱ्यात एक कडं झालं, ते मोडलं नाही. त्याला दुसरं लागलं. मग तिसरं. आकाराम खुर्चीतून उठला. त्याने मोजलं, तेरा. चौदावी आली. पंधरावी चुकीची बसली, सुटली, दुसरी येऊन नीट बसली. राहीबाई काहीतरी विचारायला आली, त्याचा चेहरा बघून तशीच थांबली.

सोळा. सतरा.

जुन्या हिशोबाने आता दोनच हव्या होत्या. आणि एक लाल चकती तिथेच होती, बोटभर अंतरावर, बसायच्या जागेसमोर अगदी तोंड करून. पाण्याने तिला जवळ आणलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. नुसती फुंकर मारली असती तरी ती बसली असती. वरचा मोबाइल चालू होता, पण पुढचा फोटो निघायला अजून चार मिनिटं होती. कुणाला कळलं नसतं. आकारामने टाकीची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्याच्या लक्षात आलं, की त्या पकडीनेही पाणी हलेल. त्याने कड सोडली, दोन पावलं मागे सरकला आणि हात पाठीमागे एकमेकांत अडकवून उभा राहिला. इतकं अवघड काम त्याने चौतीस वर्षांत केलं नव्हतं.

लाल चकती फिरली आणि निघून गेली. कडेची एक पांढरी सुटली. मग दोन. बघता बघता सतराच्या नऊ झाल्या, नवाच्या सहा, आणि शेवटी कोपऱ्यात नुसत्या सुट्या चकत्या हलत राहिल्या.

त्याने फोन लावला.

“क्रांते, सतरापातुर आलं हुतं. आपणहून. मोडलं.”

“सतरा?” पलीकडून ती म्हणाली. “नक्की?”

“तीनदा मोजल्या.”

“किती वाजता?”

“दोन सव्वीस.”

“थांबा.” ती मोबाइलवर काहीतरी बघत होती. “माझ्याकडं दोन वीसचा फोटो हाय आन् दोन तीसचा. वीसला नवाचा पुंजका दिसतोय. तीसला काय न्हाई. सतरा कुठंच दिसत न्हाईत.”

आकारामने डोळे मिटले. आता ती विचारणार. तुमी हात लावलासा का? विचारायचा तिला हक्क होता, आणि शपथेवर सांगायची त्याची तयारीही होती. पण विचारलं जाणार याचंच त्याला वाईट वाटत होतं.

फोनमधून कागद उलटल्याचा आवाज आला.

“लिवते,” क्रांती म्हणाली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने बोलत राहिली. “बुधवार. दोन सव्वीस. बिन बियाचं, सतरा चकत्या. फोटो न्हाई. आबांनी बघितलं.”

“क्रांते...”

“काय, आबा?”

आकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि राहीबाई समोर उभी राहून सगळं बघत होती.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “पाणी जरा कमी झालंय. तांब्याभर घालू का?”

“घाला की,” क्रांती म्हणाली. “तुमाला कळतंय तसं घाला.”